छातीला कान देणारा डॉक्टर

‘डॉक्टरांनी नळी लावून बघितलं,’ असं मराठीत सहज म्हटलं जातं. खरं तर त्या नळीतून दिसत काहीच नाही. जे कळतं ते ऐकून कळतं. गंमत म्हणजे तिचं मूळ नावही तसंच आहे. ग्रीक भाषेत ‘स्टेथोस’ म्हणजे छाती आणि ‘स्कोपाइन’ म्हणजे पाहणं, निरखणं. कानाने छातीच्या आत पाहता येतं, हे सुमारे दोनशे वर्षांपूर्वी रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं. तोवर युरोपातले डॉक्टर मुख्यतः रोग्याचं म्हणणं ऐकत. त्यानंतर ते रोग्याचं शरीर ऐकू लागले. या बदलात खूप काही मिळालं आणि थोडं हरवलंही.

लेनेकचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या केंपेर या गावी झाला. तो जेमतेम पाच वर्षांचा असताना आई गेली, बहुधा क्षयाने. वडील वकील होते, पण कविता करण्याचा नाद आणि हातात पैसा न टिकण्याची खोड. मुलं सांभाळणं त्यांना जमणारं नव्हतं. रेने आणि त्याचा धाकटा भाऊ नातेवाइकांकडे वाढले आणि शेवटी नाँत शहरात काकांच्या घरी स्थिरावले. काका गियोम लेनेक त्या शहरातले नामांकित डॉक्टर होते. रेनेला वडिलांची माया आणि शिस्त दोन्ही मिळाली ती या काकांकडूनच.

पण काळ वाईट होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सर्वांत रक्तरंजित दिवसांत नाँत शहर होरपळलं. काकांचं घर ज्या चौकात होतं, त्याच चौकात गिलोटिन उभं केलेलं होतं. क्रांती सरकारचा प्रतिनिधी कॅरिए याने शेकडो, हजारो कैद्यांना ल्वार नदीत बुडवून मारलं. काकांनाही काही काळ तुरुंगात जावं लागलं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने हे सगळं पाहिलं आणि ऐकलं. पुढे आयुष्यभर तो राजेशाहीचा आणि चर्चचा पक्का समर्थक राहिला, त्यामागे ही वर्षं असावीत.

चौदाव्या वर्षी तो काकांच्या हाताखाली रुग्णालयात शिकाऊ म्हणून लागला. आसपासच्या यादवीतले जखमी सैनिक तिथे येत. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे त्याचं पहिलं वैद्यकीय शिक्षण. अंगकाठी किरकोळ, उंची बेताची, दम लागण्याचा त्रास लहानपणापासूनचा. फावल्या वेळात तो बासरी वाजवायचा, आणि मनापासून वाजवायचा. सूर, त्याचा पोत, त्याची चढउतार ओळखायची सवय कानाला लागली ती तेव्हा. नंतरच्या त्याच्या कामाकडे पाहिलं की ही बासरी वाया गेली नाही असं वाटत राहतं.

१८०१ साली तो भावाबरोबर पॅरिसला निघाला. खिशात पैसे नव्हते. वाटेचा बराच भाग दोघांनी पायी तुडवला. वडिलांकडे कपड्यांसाठी, बुटांसाठी पैसे मागणारी पत्रं तो पुढेही लिहीत राहिला आणि त्यांना बहुतेक वेळा दाद मिळाली नाही.

त्या वेळचं पॅरिस म्हणजे वैद्यकशास्त्राची सर्वांत मोठी शाळा होती. क्रांतीनंतर तिथली रुग्णालयं सरकारच्या ताब्यात आली होती. शहरात रोजगारासाठी येणाऱ्या गोरगरिबांनी खाटा भरलेल्या असत. विद्यार्थी पुस्तकाआधी खाटेजवळ उभे राहत. आणि रोगी दगावला तर त्याचं शव उघडून आतला बिघाड पाहता येई. जिवंतपणी बांधलेला अंदाज मृत्यूनंतर पडताळून पाहण्याची ही सोय युरोपात इतक्या मोठ्या प्रमाणावर आणखी कुठे नव्हती. या सोयीची किंमत मात्र गरिबांनी चुकवली. त्यांना उपचार फुकट मिळत, पण मेल्यानंतर त्यांच्या देहावर कोणाचा हक्क, हे त्यांना कोणी विचारत नव्हतं.

त्याआधीच्या काळात डॉक्टरची तपासणी कशी असे, ते समजून घेतल्याशिवाय लेनेकचं काम कळणार नाही. अठराव्या शतकातला युरोपीय डॉक्टर रोग्याजवळ बसून त्याची हकिगत ऐकायचा. दुखणं कधी सुरू झालं, झोप कशी आहे, भूक कशी आहे, मनाला काय लागलं आहे. नाडी बघायचा, जीभ बघायचा, लघवीचा रंग बघायचा. अंगाला फारसा हात लावणं सभ्य मानलं जात नव्हतं. श्रीमंत रोगी तर दूरच्या डॉक्टरला आपल्या दुखण्याचं सविस्तर पत्र लिहीत आणि डॉक्टर पत्रानेच औषध कळवत. रोगाविषयी रोगी जे सांगेल तेच मुख्य प्रमाण होतं. छातीत नेमकं काय बिघडलंय हे कळायला मात्र कोणतीच वाट नव्हती. खोकला, धाप, ताप, रक्ताची गुळणी ही लक्षणं क्षयातही दिसत, न्यूमोनियातही आणि हृदयविकारातही.

एक वाट सापडली होती, पण ती कोणी चोखाळली नव्हती. ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ साली एक छोटंसं पुस्तक लिहिलं. छातीवर बोटांनी ठोकलं की निरोगी जागी एक आवाज येतो आणि आत पाणी किंवा घट्टपणा असेल तिथे वेगळा, बद्द आवाज येतो, हे त्याने दाखवलं होतं. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंपावर टिचकी मारून आत दारू कुठवर आहे हे ओळखण्याची युक्ती त्याने घरी पाहिलेली असणार, असं सांगतात. मातीची घागर किंवा कलिंगड ठोकून पाहणाऱ्या कोणालाही ही युक्ती पटेल. युरोपातल्या वैद्यांना ती पटायला जवळजवळ अर्धं शतक लागलं. नेपोलियनचा डॉक्टर कोर्व्हिझार याने १८०८ साली त्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं. लेनेक हा कोर्व्हिझारचाच विद्यार्थी. शारिते रुग्णालयात तो त्याच्या हाताखाली शिकला.

शिकत असतानाच लेनेकने नाव कमावलं. १८०३ साली वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांतली पहिली बक्षिसं त्याला मिळाली. पोटातल्या आवरणाला येणारी सूज त्याने नीट वर्णन केली, काळ्या गाठींच्या कर्करोगाला वेगळं ओळखलं. पुढे यकृताच्या एका विकाराला त्याच्या पिवळट-तांबूस रंगावरून ‘सिऱ्होसिस’ हे नाव दिलं तेही त्यानेच; ते आजही डॉक्टरांच्या तोंडी आहे. पण एवढ्या कर्तबगारीनंतरही मोठ्या रुग्णालयात जागा मिळायला त्याला बारा-तेरा वर्षं थांबावं लागलं. तो खासगी रोगी तपासत राहिला आणि शवविच्छेदनं करत राहिला.

या काळात क्षयाने त्याला पुन्हा गाठलं. १८१० साली पॅरिसला सोबत आलेला धाकटा भाऊ क्षयाने गेला. गास्पार बेल हा त्याचा जिवलग मित्र. त्याने नऊशे शवविच्छेदनांच्या आधारे फुप्फुसाच्या क्षयावर ग्रंथ लिहिला आणि १८१६ मध्ये तोही क्षयानेच गेला.

१८१४ सालची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिच्यात दुसरा लेनेक दिसतो. नेपोलियनच्या अखेरच्या लढायांतले आजारी, जखमी सैनिक पॅरिसच्या रुग्णालयांत येऊन पडले होते. त्यांत ब्रिटनीची खेडवळ पोरं खूप होती. त्यांना फ्रेंच येत नव्हतं; फक्त ब्रेटन भाषा यायची. आपल्याला काय होतंय हे ती कोणाला सांगू शकत नव्हती. लेनेकने ही भाषा मुद्दाम शिकून घेतलेली होती. साल्पेत्रिएर रुग्णालयात या पोरांना एकत्र ठेवण्याची व्यवस्था झाली आणि तो त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलला. रोग्याचं म्हणणं ऐकून घेणं म्हणजे काय, हे त्याला चांगलं माहीत होतं.

१८१६ मध्ये अखेर नेकेर रुग्णालयात त्याची नेमणूक झाली. त्याच वर्षी हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुण स्त्री त्याच्याकडे आली. ती अंगाने स्थूल होती, त्यामुळे छातीवर ठोकून काही कळेना. छातीला थेट कान लावून ऐकण्याची पद्धत हिपोक्रेटिसच्या काळापासून ठाऊक होती. बेल ती वापरायचा, लेनेकनेही वापरली होती. पण तरुण स्त्रीच्या छातीला डॉक्टरने कान लावणं त्या समाजात बसणारं नव्हतं. शिवाय रुग्णालयातल्या अनेक रोग्यांची अंगं मळलेली, घामेजलेली असत. तिथे कान टेकवणं किळसवाणं वाटे, हेही लेनेकने स्पष्टपणे लिहून ठेवलं आहे.

त्या क्षणी त्याला ध्वनीचा एक साधा गुण आठवला. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने ओरखडलं की दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्वच्छ ऐकू येतं. (लूव्ह्रच्या आवारात मुलांना असा खेळ खेळताना त्याने पाहिलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती इतरांनी नंतर सांगितलेली आहे. त्याच्या स्वतःच्या वर्णनात मुलं नाहीत.) त्याने कागदाची वही घेतली, घट्ट गुंडाळी केली, एक टोक त्या स्त्रीच्या छातीवर ठेवलं आणि दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके थेट कान लावूनही कधी आले नव्हते इतके स्पष्ट ऐकू आले.

दुसरा कोणी असता तर एवढ्यावर खूश झाला असता. लेनेकला लगेच दुसरा विचार सुचला. हृदय ऐकू येतं, तर छातीत हालचाल करणारं सगळंच ऐकू यायला हवं. श्वास, आवाज, कफ, साठलेलं पाणी. पुढची तीन वर्षं त्याने याच एका गोष्टीला दिली.

आधी नळी कशाची करायची हे ठरवायचं होतं. त्याने काच, धातू, कागद, लाकूड अशी वेगवेगळी द्रव्यं पडताळली आणि हलकं लाकूड सर्वांत बरं ठरलं. मग घरी चरक बसवून तो स्वतः लाकूड कातू लागला. साधारण एक फूट लांब, मुठीत धरता येईल एवढी जाड, मधून आरपार भोक असलेली ही नळी दोन तुकड्यांत उघडायची. एका टोकाला बसणारी लाकडी खुंटी होती. ती घातली की हृदय नीट ऐकू येई, काढली की श्वास. तो स्वतः तिला बहुतेक वेळा नुसतं ‘सिलिंडर’च म्हणायचा.

खरी मेहनत पुढे होती. नळीतून जे ऐकू यायचं त्याला नावंच नव्हती. आजवर कोणी न ऐकलेल्या आवाजांचं वर्णन करायचं तर उपमा घरातल्याच लागणार. न्यूमोनियाच्या सुरुवातीला येणारा बारीक आवाज त्याला तापलेल्या भांड्यात मीठ टाकल्यावर होणाऱ्या तडतडीसारखा वाटला. छातीत हवा आणि पाणी दोन्ही साठलं की धातूच्या किंवा काचेच्या भांड्यात वाळूचा कण पडावा तसा टणत्कार येई. फुप्फुसाभोवती पाणी असताना रोगी बोलला की नळीतून शेळी बेंबटल्यासारखा कापरा आवाज येई. घरघरीसाठी त्याने ‘राल’ हा फ्रेंच शब्द घेतला. पण लोकांच्या बोलण्यात त्याचा अर्थ मरणाऱ्या माणसाची घरघर असा होता. रोग्याने तो ऐकला तर त्याचं काळीज फाटेल, म्हणून रोग्यासमोर तो लॅटिन शब्द वापरायचा.

आवाज ऐकायचा, टिपून ठेवायचा आणि रोगी दगावला की त्याच जागी आत काय आहे ते उघडून पाहायचं. हा क्रम तो खाटेमागून खाट चालवत राहिला. क्षयाने फुप्फुसात पोकळी झाली असेल तर त्या जागी नळी ठेवल्यावर रोग्याचं बोलणं जणू छातीतूनच निघून थेट कानात शिरल्यासारखं येतं, हा त्याचा एक मोठा शोध. त्यासाठी डॉक्टर रोग्याला बोलायला सांगायचा. काय बोलतो याला महत्त्व नव्हतं. आकडे म्हटले तरी चालायचे. डॉक्टर शब्द ऐकत नव्हता, शब्द फुप्फुसातून कसा येतो ते ऐकत होता. ब्रेटन पोरांशी त्यांच्या बोलीत बोलणाऱ्या माणसाच्या हातूनच हे घडलं.

१८१८ मध्ये त्याने आपलं काम फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडलं आणि १८१९ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रकाशकाकडे ग्रंथासोबत थोडे जादा पैसे देऊन लाकडी नळीही विकत मिळायची. ग्रंथाचं नाव होतं ‘मध्यस्थ श्रवण’ अशा अर्थाचं. म्हणजे कान आणि छाती यांच्यामध्ये काही ठेवून ऐकणं.

स्वागत संमिश्र झालं. इंग्लंडमध्ये जॉन फोर्ब्स या डॉक्टरने १८२१ साली ग्रंथाचं भाषांतर केलं. पण प्रस्तावनेत त्यानेच शंका काढली की हे साधन सर्रास वापरात येणं कठीण आहे. त्याला वेळ फार लागतो, कष्ट फार लागतात. शिवाय प्रतिष्ठित डॉक्टरने लांब नळीतून रोग्याच्या छातीचा कानोसा घ्यावा हे त्याला थोडं हास्यास्पदच वाटलं. पॅरिसमध्ये ब्रुसे नावाचा बडा डॉक्टर लेनेकवर तुटून पडला. तोही ब्रिटनीचाच, पण क्रांतीच्या बाजूचा. जवळजवळ सगळे रोग पोट-आतड्यांच्या दाहातून होतात आणि जळवा लावून रक्त काढणं हाच उपाय, असं त्याचं मत होतं. मेलेल्या माणसांची आतडी तपासून जिवंतांना काय उपयोग, हा त्याचा टोमणा अगदीच बिनबुडाचा नव्हता. लेनेककडे निदान होतं, औषध नव्हतं. पण ब्रुसेच्या जळवांनी रोगी आणखी अशक्त होत होते.

ग्रंथ पूर्ण होईतो लेनेक पार थकला होता. तो ब्रिटनीला, समुद्राजवळच्या केर्लुआर्नेक या कुटुंबाच्या घरी गेला. तिथे शेतात लक्ष घालत दोनेक वर्षं राहिला आणि थोडा सावरल्यावर १८२१ मध्ये पॅरिसला परतला. आता मान मिळू लागला. १८२२ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापकपद, पाठोपाठ शारिते रुग्णालयात जागा. पण तेव्हाच राजाच्या सरकारने वैद्यकीय विद्यालय बंद करून उदारमतवादी प्राध्यापकांना काढलं आणि पुन्हा सुरू करताना आपल्या मर्जीतल्यांना नेमलं. त्यांत लेनेक होता. सहकाऱ्यांनी ते कधी विसरलं नाही. तो गुणी होता यात शंका नाही. पण काढलेल्यांतही गुणी माणसं होती.

त्याच्या मागे विद्यार्थ्यांचा घोळका असे आणि त्यांत परदेशी पुष्कळ. सगळ्यांना कळावं म्हणून खाटेजवळचं शिकवणं तो लॅटिनमध्ये करायचा. खाटेवरच्या माणसाला त्यातलं अक्षरही कळत नसणार. स्वतःच्याच छातीतल्या आवाजांची चर्चा त्याच्या डोक्यावरून चाललेली. रोग्याला न कळणारं काही डॉक्टरला कळतं, ही आजची सर्वमान्य गोष्ट. ती युरोपात रुजली त्यात या शिकवलेल्या कानाचा मोठा वाटा होता. ऐकणं ही तोवर सगळ्यांना येणारी गोष्ट होती. आता ती सरावाने, परीक्षेने मिळवायची विद्या झाली. व्हिएन्नात योसेफ श्कोडा याने १८३९ मध्ये या आवाजांची ध्वनिशास्त्राच्या आधारे नव्याने मांडणी केली. १८५२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॅमन याने दोन्ही कानांत घालायची नळी केली. आयुर्विम्याच्या तपासणीत छाती ऐकणं आलं. पुढे तारघरातले कारकून कट्ट-कडकट्ट ऐकून मजकूर उतरवू लागले आणि टेलिफोन कानाला लागला, तेव्हा बाहेरचा गलबला विसरून एका बारीक आवाजात कान घालण्याची सवय युरोपात जुनी झालेली होती.

काही आवाज सुखाचेही होते. लेनेकचा स्नेही केर्गारादेक याला गर्भवतीच्या पोटात पाण्याची हालचाल ऐकू येते का ते पाहायचं होतं. नळी लावली तर घड्याळाच्या टिकटिकीसारखा वेगळाच जलद ठोका ऐकू आला. तो बाळाच्या हृदयाचा होता. १८२१ मध्ये त्याने हे वैद्यकीय अकादमीपुढे वाचलं. अडलेल्या बाईच्या पोटातलं बाळ जिवंत आहे की नाही, हे त्यामुळे कळू लागलं. १८२४ मध्ये खुद्द लेनेक एका बाईच्या मानेची रक्तवाहिनी ऐकत असताना त्याला दोन-तीन सुरांची संथ धून ऐकू आली. खालच्या मजल्यावर कोणी वाद्य वाजवतंय असं त्याला आधी वाटलं. आवाज तिच्या रक्तवाहिनीतूनच येत होता. बासरीवाल्याने ती धून स्वरलिपीत लिहून ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापली.

त्याच्या चुकाही होत्या आणि काही मोठ्या होत्या. हृदयाचा दुसरा ठोका वरच्या कप्प्यांच्या आकुंचनामुळे येतो असं त्याने लिहिलं. तो झडपा मिटल्यामुळे येतो हे नंतर कळलं. त्याहून गंभीर चूक क्षयाबद्दलची. फुप्फुसात, हाडांत, आतड्यांत दिसणाऱ्या त्या गाठी एकाच रोगाच्या आहेत हे त्याने अचूक ओळखलं. ते पुढे अनेकांनी नाकारलं आणि १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने जंतू शोधल्यावर लेनेकच बरोबर ठरला. पण क्षय संसर्गाने पसरतो हे त्याला पटत नव्हतं. दीर्घ दुःख, मनाची घालमेल हे त्याच्या मते मोठं कारण होतं. पुरावा म्हणून त्याने स्त्रियांच्या एका धार्मिक मठाचं उदाहरण दिलं. तिथे अतिशय कडक नियम होते, मन सतत दडपणाखाली असे आणि दहा वर्षांत तिथल्या बायका एकामागून एक क्षयाने गेल्या. एकाच छपराखाली कोंडलेल्या बायका एकमेकींच्या श्वासातला रोग घेत होत्या, हे आज शाळकरी पोरही सांगेल. आयुष्यभर छातीचा श्वास ऐकणाऱ्या माणसाला ते सुचलं नाही. फार वर्षांपूर्वी क्षयाने पोखरलेले मणके कापताना करवतीचा दात त्याच्या बोटाला लागला होता आणि तिथे गाठ आली होती. ती जाळून टाकून, पुढे काही त्रास झाला नाही म्हणून त्याने ती घटनाही बाजूला ठेवली. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आज भारतात आहेत; त्यांचं निदान नळीवर नव्हे, थुंकीच्या तपासणीवर आणि एक्स-रेवर होतं.

उपचार म्हणून त्याच्या हाती फारसं काही नव्हतं. समुद्राची हवा क्षयाला मानवते अशी त्याची श्रद्धा होती. म्हणून त्याने ब्रिटनीच्या किनाऱ्यावरून समुद्रशेवाळ मागवलं आणि पॅरिसच्या वॉर्डात खाटांभोवती ठेवलं. रोग्यांना त्याचा काही फायदा झाला नाही.

१८२४ च्या अखेरीस त्याने आपलं घर सांभाळणाऱ्या जॅकलीन आर्गू या विधवेशी लग्न केलं. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले, पण गर्भ टिकला नाही. ग्रंथाची दुसरी, खूप वाढवलेली आवृत्ती तो रात्री जागून लिहीत होता. ताप, खोकला, वजन उतरणं सुरू होतं. १८२६ च्या वसंतात आवृत्ती छापून झाली तेव्हा त्याने नात्यातल्या मेरियादेक याला जवळ बोलावलं. मेरियादेकही डॉक्टर होता, त्याच्याच हाताखाली तयार झालेला. आपली नळी त्याच्या हाती देऊन लेनेकने छाती उघडी केली आणि गळ्याच्या हाडाखाली काय ऐकू येतं ते सांगायला सांगितलं. मेरियादेकने जे ऐकलं ते सांगितलं. ते आवाज कशाचे, हे लेनेकनेच जगाला शिकवलं होतं. समजावून सांगायची गरज पडली नाही.

मे अखेरीस तो ब्रिटनीला निघाला. वाट लांबची, गाडीचे धक्के, त्यात ताप. केर्लुआर्नेकला पोहोचल्यावर समुद्राच्या हवेने थोडे दिवस बरं वाटलं, मग उतरण लागली. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. शेवट जवळ आल्यावर त्याने बोटांतल्या अंगठ्या स्वतःच काढून टेबलावर ठेवल्या. आपल्यामागे ते काम दुसऱ्या कोणाला करावं लागू नये म्हणून, असं सांगतात.

मृत्युपत्रात त्याने मेरियादेकला कागदपत्रं, घड्याळ आणि अंगठी दिली. त्यांबरोबर आपली लाकडी नळीही दिली आणि आपल्या मागे ठेवण्याजोगं सर्वांत मोलाचं तेच आहे, असं नमूद केलं. पाच वर्षांनी, १८३१ मध्ये, मेरियादेकने लेनेकच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती स्वतःच्या टिपांसह काढली.